सोयरीक

पाच बोटं हवीत. चार असली तर जात बिघडली.
म्हणून पिल्लू सुकलं की आधी मी बोटंच मोजते,
चष्मा कपाळावरून नाकावर ओढून.

यंदा अकरा अंडी बसवली.
निघाली दोन. एकाची मान वाकडी.
सगळी एकाच बापाची, एकाच आज्याची;
घरातल्या घरात किती वर्षं लग्नं लावणार?

पालशेतकर कुंपणावरून विचारतात,
"वहिनी, किती भरेल कोंबडा?"
साडेसहाशे ग्रॅम, म्हटलं. पिसांसकट.
"म्हणजे नुसता रस्साच."

या बुटक्यांचं दुसरं घराणं हर्णैला,
रुकय्या मुकादमांकडे.
पत्रिका नाही, बैठक नाही, फोनवर एवढंच ठरलं:
नर पंधरा दिवस त्यांच्याकडे,
अंडी निम्मी निम्मी.

धोपाव्याच्या जेटीवर टोपली मांडीवर,
वर माझा जुना टॉवेल.
खाडीच्या मध्यावर इंजिन जरा मंदावलं
आणि तो आरवला,
एवढ्याशा नरड्यातून, सबंध दाभोळ जागं होईल असा.
तिकीटवाला वळला,
"याचं हाफ फाडू?"

रुकय्याबाईंनी चहाआधी टॉवेल उचलला,
बोटं मोजली,
चष्मा कपाळावरून नाकावर ओढून.

माझ्या वाट्याची सात आली, भाताच्या तुसात.
काल सातव्या रात्री
खुडूक कोंबडीला हलकेच सारून
टॉर्चवर एकेक धरलं.
तिघांत लाल धागे.
चौथं गढूळ, नक्की सांगता येईना.
परत ठेवायला हात घातला तर
तिनं मनगटावर चोच मारली, रक्त येईपर्यंत.
बरोबर आहे तिचं.
उरलेली तीन मी पाहिलीच नाहीत.