अस्तर उसवताना

दुकानात अठरा अंश, बाहेर छत्तीस.
काचेपलीकडे अकरा माणसं फलक धरून उभी,
त्यातला एक कोल्ह्याचा मुखवटा घालून,
दर पाच मिनिटांनी मुखवटा कपाळावर सारतो, पाणी पितो.
मी मोजते. मोजणं हाच माझा धंदा:
टेप गळ्यात, टाचण्या ओठांत,
ट्रायल रूमच्या मागे पाटी नसलेलं दार.

गिऱ्हाईक जानेवारीत बर्फ बघायला जाणार आहे.
मिंकचा कोट. बाही दीड इंच लांब.
किंमत मी विचारली नाही,
शून्यांवरून डोळा घसरला एवढंच.
तनाझ मॅडम म्हणाल्या, सहापर्यंत हवाय, वैजयंता,
आणि आधी हात धू.

आधी हात धू.
माझ्या आज्याचे हात चुन्यानं खाल्ले होते.
बैल मेला की गावातून निरोप यायचा.
वेशीबाहेर ओढायचा, सोलायचा,
बाभळीच्या सालीत, हिरड्यात कातडं भिजत घालायचं.
मेलेल्याचं. मारलेल्याचं नव्हे.
तरी पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत,
भांडं चार बोटं उंच धरून.
बाबा धारावीत आले. संध्याकाळी
वास त्यांच्याआधी घरात शिरायचा.
आपली भाषा गमतीची,
कातडंही कमावतात आणि पैसाही.
आमच्याकडे पहिलंच तेवढं झालं.

अस्तर उसवलं.
वरून राजाची मऊ झूल, आतून गोधडी:
बोटाएवढ्या पट्ट्या, पट्टीला पट्टी,
कुठं कुठं निळ्या शाईचा पुसट आकडा.
एका बाहीत बेचाळीस. दोनदा मोजल्या.
त्यात जीव किती, ते काही मोजता येईना,
टाके फार सफाईचे, माझ्याहून सफाईचे.
भोक कुठंच नाही,
ना सुरीचं, ना दाताचं.

बाहेरच्या पत्रकात वाचलं होतं:
तारेचा पिंजरा, तारेचीच जमीन,
आणि शेवटी गॅस,
कारण कातडीवर ओरखडा चालत नाही.
म्हणजे केसालाही धक्का न लावता.
आपण हे शब्द
शरण आलेल्याला देतो.

दुपारी डबा घेऊन बाहेर गेले.
एक मुलगी पुढे आली, घामानं फलकाची शाई बोटांवर आलेली.
तुम्ही इथं काम करता? तुम्हाला काहीच वाटत नाही?
तिच्या पायात कोल्हापुरी होती. मी पाहिली.
मी पाहिली ते तिनंही पाहिलं.
दोघी जरा गप्प उभ्या राहिलो,
ऊन मात्र बोलत होतं.
मग मी म्हटलं, बेचाळीस.
काय बेचाळीस?
एका बाहीत.
तिनं फलकाच्या पाठीवर आकडा लिहिला, मोठा,
खाली काय लिहावं ते तिला सुचेना.
तेवढ्यात गार्ड आला, सगळ्यांना फुटपाथच्या कडेला सारलं,
आणि मला म्हणाला, ताई, तुम्ही तरी आत जा.

बाही सहा वाजता दिली.
हो, दिली. घरभाडं पाच तारखेला असतं.
कापलेली दीड इंचाची पट्टी
टिपकागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

बाबांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू.
पट्टी तळहातावर ठेवली, अंगठा फिरवला,
आधी केसांच्या दिशेनं, मग उलट,
मग पालथी करून, बराच वेळ.
मांजर?
नाही.
मुंगूस?
तसलंच काहीतरी. परदेशातलं.
कोवळं होतं, म्हणाले. खाल्लंप्यालेलं.
थांबले.
हे मरायला आलेलं नव्हतं गं.

टॅनरीच्या चाळीस वर्षांत
ज्यांनी त्याच हातांनी भाकरी मोडली,
त्यांनी साबण मागितला.

पट्टी अजून पर्समध्येच आहे,
सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात.
फेकायला गेले दोनदा. पुरावी तर कुठं,
आमच्या गल्लीत सगळी लादीच.
कधी चिल्लर काढताना बोटाला लागते,
ऊबदार वाटते, क्षणभर.
केसाला धक्का नाही.