पंधरा पौंड हवा

सगुणकाका अठ्ठावीस वर्षं पाणी घेऊन फिरला
ओमानात, हैमाच्याही पुढे, जिथे डांबर संपतं
आणि खूण म्हणून रिकामी पिंपं उभी करून ठेवलेली असतात.
रोज एक टँकर. पहाटे चारला निघायचं,
सहाच्या आत मऊ पट्टा ओलांडायचा;
ऊन चढलं की वाळू सैल पडते, चाक गिळते.

मांद्र्याच्या सोप्यावर सुपारी सोलता सोलता
तो सांगतो हे, तुटक तुटक:
पहाटे राखेसारखी, आठला हळदीसारखी,
दुपारी तिला रंगच नाही, नुसता उजेड.
उंट यायचे टँकरच्या सावलीत बसायला,
सावली सरकली की तेही सरकायचे,
आणि गाडी सुरू केली की असे बघायचे
जसं आपण त्यांचं घर मोडतोय.

दुरमहंमद बलुच खड्ड्यात निखारे घालून भाकरी भाजायचा.
कितीही झटकली तरी दाताखाली दोन कण यायचेच.
'मीठ समज,' म्हणायचा.
काका बांगड्याची आठवण काढायचा.
दुरमहंमदला कशाची आठवण येते
ते मात्र विचारायचं राहून गेलं.
(हे तो दोनदा सांगतो.)

काकी म्हणते, सुट्टीवर आला की
आठवडाभर शिवणींतून वाळू निघायची,
तांबूस, आपल्या रेंवेपेक्षा बारीक, पिठासारखी.
तिने एक चिमूट पुडीत बांधली होती.
अजून आहे, कुंकवाच्या डबीखाली.

गेल्या डिसेंबरात
भाड्याची एक जीप आमच्या टेंबावर चढली
मर्यादवेल चिरडत, आणि रुतली.
चार पोरं. एक्सीलेटर, आरडाओरडा,
चाक आणखी खोल.
काका लुंगी वर खोचून उतरला,
चाकाशी उकिडवा बसला,
काडीने वॉल्व्ह दाबून धरला.
'अंकल, काय करताय!'
सूं सूं हवा जात राहिली.
मोजायला काही नव्हतं त्याच्याकडे.
ताप बघावा तसा त्याने टायरवर तळवा ठेवला:
'पंधरा.'
मग पुढचं चाक. मग पलीकडची दोन.
'आता हळू. ब्रेक नको. वाळूशी भांडू नको.'

जीप बाहेर आली, म्हैस तळीतून उठते तशी.
पोरांनी पाचशेची नोट पुढे केली.
'पंपावर हवा भरा,' एवढंच म्हणाला तो,
आणि टेंबावरच्या दोन चरांकडे बघत राहिला.
'तिथे असतं तर तासाभरात वाऱ्याने पुसलं असतं.
इथे राहणार हे.'

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी
मी मासळीला निघालो तेव्हा तो तिथेच होता,
उपटलेल्या वेलीची टोकं पुन्हा रेंवेत खोचत.
भरती होती. लाटांचा आवाज मोठा होता.
त्याची पाठ समुद्राकडे.