समतुल्य नाही

खिडकीतल्या माणसानं कागद पाहून विचारलं, "साइन?"
मी पेन उचललं, सही केली.
तो माझं नाव वाचत होता.
सिग्ने, मी म्हटलं. सिग्-ने.
"बरं बरं," म्हणत त्यानं पुढची रांग दाखवली.

एकोणसाठ क्रेडिट घेऊन आले होते मी विस्कॉन्सिनच्या वरच्या टोकाकडून.
बहुतेक संध्याकाळच्या वर्गांचे,
टायरच्या दुकानातून थेट, नखांत काळं तसंच.
त्यातले अकरा नामंजूर.
संख्याशास्त्र: समतुल्य नाही.

मिसेस हॉल्वरसन शिकवायची ते, खोकत खोकत.
तळ्यावरचा बर्फ किती इंच झाला की त्यावर ट्रक घालावा,
चाळीस हिवाळ्यांच्या नोंदी फळ्यावर,
आणि दोन जागा मोकळ्या.
त्या दोन वर्षी मोजणारा परत आला नव्हता.
सरासरीवर विसंबून पाय टाकू नका, एवढंच म्हणाली होती
आणि डस्टर शोधायला लागली होती.

तिथं कॉरिडॉर एकच.
उणे तीसमध्ये कुणाची बॅटरी बसणार
हे झाडूवाल्या ऑर्व्हिलला आधीच ठाऊक,
जम्पर केबल गळ्यात घालून उभा असायचा दाराशी.

इथं एका वर्गात सहाशे खुर्च्या.
पहिल्याच मंगळवारी चुकीच्या हॉलमध्ये शिरले,
उठायची लाज वाटली म्हणून
पन्नास मिनिटं थडग्यांवरचं व्याख्यान ऐकलं.
टिपणंही काढली.
अजून आहेत.

"नवीन का तू?" लाँड्रीत एकीनं विचारलं.
तिसऱ्या वर्षाला.
"म्हणजे जुनी."
नाही, जुनी नाही.
तिनं ड्रायरमधले मोजे काढले, जोड्या लावत बसली.
ज्यांचं जमायचं होतं त्यांचं पहिल्याच वर्षी जमलंय,
ओल्या सिमेंटवर नावं कोरून झालीत,
आता ते वाळलंय.

बाबांचा फोन रविवारी.
"कसं आहे?"
मोठं आहे.
"किती मोठं?"
आपलं अख्खं गाव एका वर्गात बसेल, वर काही खुर्च्या उरतील.
ते बराच वेळ गप्प. मागे कॉम्प्रेसरची घरघर.
मग, "पार्किंग मिळतं का?"

ऑक्टोबरात एकदा बस चुकले,
म्हणजे बस मिळाली, पण भलतीच.
शेवटचा थांबा: गोठा.
विद्यापीठाचाच, पाटीवर तसं लिहिलेलं.
फेंग नावाचा एक मुलगा खांद्यापर्यंतचा मोजा चढवून उभा,
आणि बावीसशे सहा नंबरची गाय,
जिच्या कुशीला बशीएवढी खिडकी.
बूच काढलं की आतलं पोट दिसतं.
"दुखत नाही तिला," तो म्हणाला, मी न विचारताच.
"घालतेस हात?"

घातला.
आत इतकं ऊबदार असेल वाटलं नव्हतं.
ओला चारा, आणि त्याला ढवळणारी
एक संथ, जाडजूड लाट,
माझं मनगट धरून सोडणारी, पुन्हा धरणारी.
गाईनं एकदाच मान वळवून पाहिलं,
उशिरा वर्गात येणाऱ्याकडे पाहावं तसं,
आणि रवंथ पुढे चालू.

फेंगनं वही सरकवली. "इथं साइन."
सिग्ने, मी म्हटलं.
"नाही, सही," तो म्हणाला,
आणि मला असं काही हसू फुटलं
की बिचारा स्वतःचेच बूट तपासायला लागला.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.
कोटाला वास येत होता.
अपिलाचा अर्ज बॅगेत तसाच आहे,
अभ्यासक्रमाची प्रत जोडा म्हणतात.
मिसेस हॉल्वरसनकडे प्रत नाहीच,
तिनं बर्फाच्या नोंदी पाठवल्यात पाकिटातून,
एक्केचाळिसावा हिवाळा पेन्सिलीनं जोडून.
तेच लावणार आहे.
दोन्ही सीट घेऊन बसले मी,
दक्षिण दारापर्यंत.