अठरा सेंटिमीटर

साकीनाक्याच्या गाळ्यात, पहिल्या माळ्यावर
आम्ही बर्फ मोजायचं यंत्र बनवतो.
बर्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही.
म्हणजे गोळ्याचा पाहिलाय, माशांवरचा पाहिलाय,
आभाळातून पडलेला नाही.

यंत्र तसं साधं. खांबाला आडवा हात,
हाताच्या टोकाला खाली तोंड केलेली डबी.
डबी टिक् करते, आपल्याला ऐकू न येणारं,
आणि आवाज जमिनीला शिवून परत येईपर्यंत
गप्प बसते.
जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर,
खांबाच्या उंचीतून अंतर वजा, उरला तो बर्फ.
वजाबाकी दुसरीतली.
घोळ हवेचा आहे. थंडीत आवाज सावकाश चालतो,
म्हणून शेजारी पांढऱ्या ताटल्यांच्या उतरंडीत
एक तापमापक बसवायचा.
तो खोटं बोलला की बर्फही खोटा.

चाचणीला बर्फ हवा.
दिवाकरने थर्माकोलचे दाणे आणले,
ते पंख्याने जिन्यापर्यंत उडाले.
मग ससून डॉकवर वैतीणबाईंच्या ओळखीने
दोन लाद्या फोडून घेतल्या, गोणपाटात.
घाटकोपर येईतो टेम्पोत निम्म्या गळल्या,
उरलेल्यांना बोंबलांचा वास.
यंत्राने बिनचूक मोजलं.
केलाँगहून अंगरूप फोनवर हसला :
मॅडम, तो दगड झाला.
नवं हिम आवाज पिऊन टाकतं.

आवाज पिणारं काय आहे मुंबईत?
तीन दिवस मला सुचेना.

चौथ्या दिवशी कुर्ल्याला मन्सुरीचाचांकडे
चार किलो कापूस पिंजायला टाकला.
गादी किती बाय किती, त्यांनी विचारलं.
म्हटलं, गोल. दीड मीटर व्यासाची.
त्यांनी पिंजणाची तार छेडायची थांबवली.
कोण झोपणार आहे?
कुणीच नाही, चाचा. वरून फक्त बघायचंय.

कापूस पसरला. पंखे बंद.
घामाने शर्ट पाठीला चिकटलेले, आणि आम्ही
डिसेंबरचा हिमालय मोजतोय.
आकडा यायचा, हरवायचा.
पडद्यावर रेघ, मग रेघच नाही.
दिवाकरने नॉब हळूहळू फिरवला,
संध्याकाळी पाच वाजता रेघ टिकली.
मॅन्युअलात मी लिहिलं :
मऊ गोष्टीचं माप घेताना जरा मोठ्याने विचारावं,
आणि उत्तराची वाट जरा जास्त पाहावी.
तुळपुळ्यांनी खोडलं. वर लिहिलं : गेन वाढवा.

देखभालीचं पान मात्र माझंच राहिलं.
सिलिका जेलची पुडी सहा महिन्यांनी बदला.
पडदी तीन वर्षांनी.
(इथे ठेवलं तर वर्षातच, खारी हवा पडदीला खाते.)
ओळंबा लावा. खांब झुकला तर बर्फ वाढतो.
खालचं गवत कापा.
हे शेवटचं उशिरा सुचलं. पहिल्याच जुलैत
केलाँगहून आकडा आला होता : अकरा.
अंगरूप चढून बघून आला. गवत होतं.
ऑगस्टात ऐंशी. तो पुन्हा चढला.
मेंढी होती, उभी.

आणि परवा रात्री यंत्र बंद करायला विसरले.
सकाळी नोंद उघडली :
दोन चाळीसला साकीनाक्यात बर्फ पडला,
एकदम, अठरा सेंटिमीटर.
मग सतरा, अठरा, सतरा, अठरा,
संथ, न चुकता, साडेतीन तास.
सहा दहाला वॉचमनने शटर उचललं
आणि सगळा एका क्षणात वितळला.
कापसात खळगा, अजून कोमट.
काठाला तीन पिवळे केस.

तुळपुळे म्हणाले, पुसून टाक, खराब डेटा आहे.
हो म्हटलं.
फाइलीला नाव दिलं, हिमवृष्टी साकीनाका,
आणि अंगरूपला धाडली, बिनखुलाशाची.
दुपारी त्याचा निरोप :
पहिला बर्फ आहे तुमचा. शेकोटी करा, मॅडम.
आणि खांबाखाली कुणी जाऊ देऊ नका,
तिला झोपू दे.