दहा शब्द, शुक्रवारपर्यंत

फ्रिजवर चुंबकाखाली मृण्मयीचा कागद:
दहा शब्द, शुक्रवारपर्यंत पाठ.
सगळ्यांच्या पोटात तीच चार अक्षरं,
ओ, यू, जी, एच,
आणि तोंडं मात्र ज्याची त्याच्या दिशेला.

मी रात्रपाळीहून आलेलो, बाह्यांना पीठ.
ती म्हणते, बाबा, तू विचार, मी सांगते.
मी विचारतो, डोघ?
ती हसत ओट्यावर डोकं टेकते.
डो, बाबा. डो.
म्हणजे मी रात्रभर मळतो ते.
अकरा वर्षं मळतोय, कुणी लिहून दाखवलं नव्हतं.

टफ, रफ, इनफ ही सख्खी भावंडं.
थ्रू वेगळा राहतो.
बाऊ म्हणजे झाडाची फांदी,
आपण करतो तो बाऊ निराळा.
कफ तेवढा ओळखीचा निघाला,
पिठाच्या धुळीनं छातीत धरलेला,
इथेही तसाच चिकट.

गावही याच खानदानातलं.
पहिल्यांदा आलो तेव्हा लेस्टरच्या बसमध्ये
तिकीट मागितलं लौघबरोघचं.
एकही अक्षर वाया घालवलं नाही,
संगमनेरच्या शाळेत शिकलो होतो तसं.
ड्रायव्हर म्हणाला, लफ्बरा, मी डक.
मला वाटलं, बिचारा स्वतःला बदक म्हणवतोय.

आमचं आडनाव वाघ.
इंग्रजीत लिहिलं की शेपटीला जी आणि एच,
आणि माणसं तिथं येऊन थबकतात,
दार ढकलायचं की ओढायचं कळत नाही तशी.
बेकरीतला फोरमन पहिल्याच दिवशी म्हणाला,
मिस्टर वाफ.
लाफसारखं. त्याचा हिशेब बरोबरच होता.
मी दुरुस्त केलं नाही.
भट्टी नुकती उघडली होती,
वाफ खरोखरच होती सगळीकडे,
चष्म्यावर, भिंतीवर, आमच्या दोघांच्या मध्ये.

सुट्टीत ग्लेनिसला विचारलं,
म्हणायची नाहीत तर ही अक्षरं लिहिता कशाला?
तिनं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटलं,
चमच्यानं ते शोधत म्हणाली,
माझा बाप स्कॉटलंडकडचा, मासे धरायचा.
तो म्हणायचा ती सगळी.
रात्रीला निख्त.
आणि मला, त्याच्या लेकीला, डॉख्टर.
शाळेतल्या पोरी हसायच्या.
मग मी त्याला सांगितलं, फाटकापर्यंत येऊ नकोस,
कोपऱ्यावरच थांब.
थांबायचा.
बिस्किट काही सापडलं नाही,
तिनं चहा तसाच पिऊन टाकला.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर मीच मृण्मयीला सोडायला गेलो.
गाड्यांच्या काचा पांढऱ्या, फुटपाथवर मीठ.
म्हटलं, तळहात तोंडासमोर धर. ग म्हण.
काही नाही.
आता घ म्हण.
लागलं हाताला?
लागलं.
मग लाल टपालपेटीपासून शाळेपर्यंत
घ, घ, घ,
आणि दर घला तोंडातून एक धुरकट लोट,
तिच्या मफलरवरून मागे जाणारा.
कुत्रा फिरवणारे एक आजोबा बाजूला झाले.

कोपरा आला. मी जरा रेंगाळलो.
ती म्हणाली, चल ना.
फाटकाशी तिच्या बाई, मिस प्रिचर्ड, हातमोजे चोळत उभ्या:
मॉर्निंग, मिस वाफ!
मी तोंड उघडणार,
तेवढ्यात हिनं बाही ओढली.
असू दे बाबा,
दिसतेय ना ती.

दहापैकी नऊ मिळाले.
चुकला तो इनफ.
तिनं शेवटी दोन एच लिहिले होते.
विचारलं तर म्हणाली,
एक लिहायला, एक म्हणायला.