चेहऱ्यावर सावली

शारजात, रोल्याच्या मागल्या गल्लीत माझा स्टुडिओ.
अडीच माणसांची जागा.
एक स्टूल, दोन पांढऱ्या छत्र्या, मागे पांढरा पडदा,
आणि दिवसभर चार भाषांत एकच वाक्य :
हनुवटी वर, हसू नका.

सप्टेंबरची दुपार. काचेला बाहेरून घाम.
लेक तिला दंडाला धरून आत घेऊन आली.
व्हिसाचा फोटो हवा होता.
फॉर्मवर नाव यशोदा विठू गावकर, वय ब्याऐंशी,
व्यवसाय गृहिणी.

बसली. मी दिवा लावला
आणि कुणी न सांगता तिची मान गव्हाएवढी वळली,
एक खांदा उतरला,
उजेड गालावर जिथं पडायला हवा तिथंच पडला.
तेहतीस वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

"समोर बघा, आजी."
"समोरून मी चपटी दिसते," ती म्हणाली,
"नार्वेकर मास्तर कधी समोरून घेत नसत."

लेक बाहेर फोनवर. दार अर्धं उघडं.
ती तुटक तुटक सांगत राहिली.
पडद्यावरचं नाव वनप्रभा. चित्रपट एकोणीस.
सात वेळा विधवा. एकदाच राणी,
तीही तंबूत बसलेली,
कारण घोडे कंपनीला परवडले नाहीत.
ग्लिसरीन कधी लावलं नाही.
"रडू असायचंच हो,
फक्त मास्तरांनी हात वर करेपर्यंत थोपवून धरायचं."
आता डोळे कोरडे. लेक दिवसातून चारदा थेंब घालते.

"बघायला मिळतील का कुठं?"
"मालक बुडाले. रिळं किलोवर गेली.
धुतली की चांदी सुटते म्हणे त्यातून."
समोर सराफाकडे पैंजणांची रांग टांगलेली.
बराच वेळ बघत होती.
"असेन त्यात कुठंतरी."

पहिला फोटो संगणकानं नाकारला :
चेहऱ्यावर सावली.
मग दुसरा काढला, सपाट,
दोन्ही कान दिसणारा, कुणाचाही असावा तसा.
तो पास झाला. आठ प्रती, पंधरा दिरहम.
लेकीनं घासाघीस केली नाही.

पहिला मी पुसायचा ठेवलाय अजून.
फाइलला नाव मागत होता संगणक.
गावकर लिहिलं. खोडलं.
तेवढ्यात पेशावरचा एक ड्रायव्हर स्टुलावर येऊन बसलासुद्धा,
टोपी मांडीवर,
हनुवटी आपणहून वर.