दोन कोऱ्या

त्या खुर्चीचा पाय मोडला हाय, खोक्यावर बस.
नागभीडवरून सायकल हानत आलास,
तुले खाली हातानं पाठवत नाई.
पन मशीनले हात लावाच्या आधी आयकून घे.
मले हे पैकू टेंभुर्णेनं सांगतलं होतं
त्याच्या बॅटरीच्या दुकानात,
तेजाबाच्या वासात.

इथं भाव नाई.
एक भरलेली नेशीन, त दोन कोऱ्या ठेवशीन:
एक तुह्यासाठी,
एक त्या मानसासाठी
जो तुह्या मागून येईन आन तुले ठाऊकबी नसन.

ओरिजनल उंबऱ्याबाहेर जात नाई.
माह्या लग्नाचे फोटो साळ्यानं नेले,
दिलेच नाई परत, मी चूप रायलो.
कॅसेट मांगितली तवा भांडलो.
भरली का तिचे कानचे दोनी तुकडे मोडाचे,
नाई त कोनी पोट्टा तिच्यावर आपल्या मामाची वरात भरते.

लेबलवर आधी गाव लिह्य, तारीख लिह्य.
भोंगा किती पावलावर होता, ते लिह्य.
कितवी पिढी, ते त लिह्यच.
कॉपीची कॉपी दिली आन पयली म्हनून सांगतलं
त पैकू दुकानात चढू देत नसे.

कंपनीची कॅसेट मांगशीन त नाई भेटनार.
ते बजारात हाय, तिथं गायनाऱ्याचं पोट हाय.
आपलं हे बजारात नाई:
रातभराची कव्वाली, दोन पार्ट्यांचा मुकाबला,
सवाल इकडून, जवाब तिकडून,
मंडपाच्या मांगं जनरेटर भुकते,
आन मधातच कोनी पुकारते,
एकावन्न रुपये, सरपंचाकडून!

लपवून भराचं नाई.
इचाराचं, बाई, टेप ठेवू का?
नाई म्हनली त बटन बंद,
मंग कितीबी तोंडाले पानी सुटो.

आन कापू नको.
खोकला कापू नको, पुकारा कापू नको.
मी कापलं होतं.
सुगंधाबाई गोंडानेची सरंडीची रात,
मधातलं बोलनं, पेटीवाल्याचं खाकरनं सारं काढून
साफ, चकचकीत, बारा कॉप्या वाटल्या.
लोक म्हनत, का आवाज हाय!
पैकूनं आयकलं, आन
बॅटरीत पानी टाकत रायला.

मोहफुलं पडत होते तवा एक बाई आली.
कोरची तिकडं कोठीतरी नर्स हाय म्हने.
पदराच्या गाठीत दोन कोऱ्या.
तिले रीत कोनं सांगतली, मले अजून समजलं नाई.

म्हने, मी सुगंधाबाईची पोरगी.
माय गेली. गाने नाई पायजे,
गाने लोकाइले पाठ हायेत.
गान्याच्या मधात ते बोलली असन त द्या.

मी आलमारीतून ओरिजनल काढली.
तिसऱ्या आन चवथ्या गान्याच्या मधात
तबल्यावर हातोडी वाजते,
आन माइकपासून दूर,
गायच्या आवाजात नाई, घरच्या आवाजात,

*पोरगी निजली का पाहा.
शाल टाका तिच्यावर.*

मंग ठेका सुरू होते.

कॉपीले तेवढाच येळ लागते भाऊ, जेवढा गायाले लागला.
हे मशीनवाले सांगत नाईत.
नव्वद मिनिटं ते ह्याच खोक्यावर बसली.
लाईट गेली, बॅटरी लावली,
फीत फिरत रायली.
मी लेबल लिह्यलं: सरंडी. भोंग्यापासून आठ पावलं.
पिढी दुसरी.
तिनं अंधारात बोट फिरवून पायलं,
शाई ओलीच होती.

ते बारा कॉप्या मी वापस मांगून रायलो अजून.
सात आल्या.
तुह्यापाशी असन एखादी, त घेऊन ये,
साबूत भरून देतो, काही घेत नाई.

हं, काढ आता तुह्या दोन.
एकच आनली?
बरं. बस. ते पेन्सिल दे इकडं,
ह्याची फीत सैल झाली.
पुढच्या मानसाले मी सांगतो, थांब म्हनून.